पैऱ्याचे चार दिवस

मंगळवार, ८ जुलै

पाठ मोडून आलीय. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नुसते प्रवेशाचे फॉर्म. निघताना पर्स खांद्याला लावली तेवढ्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं — क्रांतीताई, त्या कोरियन मुलीला या शनिवार-रविवारी खेडं दाखवायचंय. तिच्या विद्यापीठाच्या यादीतच आहे. डोंगरातल्या गावात दोन दिवस मुक्काम, थोडा अनुभव, फोटो, अहवाल. तुम्ही गगनबावड्याकडच्या ना? मग झालं तर!

काय झालं? पण हो म्हणून बाहेर आले. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

मिंजू तिचं नाव. वीस-एकवीस वर्षांची असेल. जूनमध्ये आली, एका सत्रापुरती आमच्या कॉलेजात. तिची कागदपत्रं माझ्या टेबलावर, म्हणून तीही माझ्या टेबलाशीच असते. मराठी शिकून आलीय, पण पुस्तकातलं. काल मला म्हणाली, "ताई, आपण फार थकलेल्या दिसता." आता कोरियालाही कळलं म्हणायचं.

माहेरी जाऊन दोन वर्षं झाली. जायचं निमित्त बघा कसलं आलं!

बुधवार, ९ जुलै

दादाला फोन केला. पाहुणी घेऊन येते म्हटलं. म्हणाला, "ये की. आन् आलीसच हिकडं, तर मंगळवारी सहीचंबी उरकून टाकू." मी म्हटलं, उरकू. फोन ठेवला आणि भाजीला फोडणी दिली.

गुरुवार, १० जुलै

लिहूनच ठेवते. पुढं कधी मीच मला विचारलं, असं का केलंस, तर उत्तर सापडावं.

बाबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लागली — आई, दादा, मी. दिवसकार्याच्या पंगतीतच चुलते बोलले, क्रांती हक्कसोड देईल, बहिणी देतातच. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, विचार करते. एवढंच! नाही म्हटलं नव्हतं. पण "विचार करते" हेच त्यांना शिवी दिल्यासारखं लागलं. एक वर्ष दादा दर महिन्याला विचारायचा, झाला का विचार? मग विचारायचा बंद झाला. दोन भाऊबिजा गेल्या, बोलावणं नाही. आईचा फोन येतो तेव्हा मागं वहिनीच्या बांगड्या वाजत असतात. आई म्हणते, बरी हाय, तू बरी का. आणि ठेवते.

मला काय शेत कसायला जायचंय? चार एकर भाताचं डोंगरातलं रान, पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं. मला ते नको. पण स्वतःचं नाव आपल्या हातानं खोडायचं म्हटलं की पेन हातात घ्यावंसं वाटत नाही. का ते सांगता येत नाही. वकिलाला सांगता येईल असं त्यात काहीच नाही.

बाबा लाल बावट्याचे. मोर्चाहून परत आले त्या दिवशी मी झाले, म्हणून हे नाव. आणि ही त्यांची क्रांती मंगळवारी अकरा वाजता आधार कार्ड घेऊन सही द्यायला जाणार.

दमले. खरंच दमले. सही केली की माहेर परत मिळतंय. करते.

शुक्रवार, ११ जुलै

मिंजूची बॅग बघितली — चार पुस्तकं, छत्री, डासांचं मलम. म्हटलं, बाई, छत्री ठेव इथंच, तिथला पाऊस आडवा येतो. माझे दोन जुने पंजाबी ड्रेस दिले. नवऱ्यानं सांगितलं, पोरीला नीट जप, परदेशचं माणूस, आणि तू तेवढी सही करून मोकळी हो, रोजची कटकट मिटूदे. कटकट त्यांना कधी झाली कोण जाणे. माझ्याच डोक्यात चालू होती ती.

शनिवार, १२ जुलै

आडवी पडूनच लिहितेय. बसता येत नाही.

पहाटे रंकाळा स्टँडवरून गाडी. मांडुकलीत रस्त्याला पाणी लागलेलं, पण गाडी गेली. मिंजूला दोनदा उलटी झाली. साळवणला उतरून वडापच्या जीपनं वर. फाट्यावर दादा उभा! डोक्यावर प्लास्टिकची खोळ, दोन खोळी हातात आमच्यासाठी. माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "बारीक झालीस की गं." दोन वर्षांत या माणसानं मला विचारलं नाही, जगलीस का मेलीस. आणि एका वाक्यात मी विरघळले. वाडीत पाय ठेवला तर वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोंबडं कापलेलं. मधल्या खोलीत गादी घातलेली. हे सगळं कशासाठी चाललंय हे मला पक्कं माहीत होतं, तरी गोड लागलं. लाज वाटते लिहायला, पण लागलं.

आई उंबऱ्यात बसलेली. गुडघे पार गेलेत, काठीशिवाय उठता येत नाही. मिंजूच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "कुणाची गं लेक, एवढ्या लांब सोडली."

चहा पिऊन होतोय तोवर शेजारची अंबूबाई आली. आज तिच्या खाचराची लावण. आमच्या वाडीत रोजगारानं बायका लावत नाहीत, मिळतही नाहीत. पैरा असतो. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. कुठल्या घरचे कुणाकडं किती दिवस झाले ते सगळं अंबूबाईच्या तोंडपाठ. पाटी-पेन्सिल कधी हातात धरली नाही बाईनं, पण दहा वर्षांपूर्वी कोण आजारी पडून आली नव्हती तेही सांगेल. वहिनीची कंबर धरलीय, त्यामुळं यंदा आमच्या घरातून पैऱ्याला कुणी गेलेलं नाही. अंबूबाई दादाला ते ऐकवायलाच आलेली. "बाळू, तुझा तरवा म्हातारा व्हाय लागलाय. तू कुणाकडं जात न्हाईस, मग तुझ्याकडं कोण येनार?" तरवा म्हणजे भाताची रोपं, वेळेत लावली नाहीत तर वाया.

मिंजू म्हणाली, "मी जाऊ?" यादीत अनुभव हवाच होता. मी म्हटलं, चल. आणि तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही खोळ घेतली.

अठरा वर्षांनी लावणीला उतरले. अर्ध्या तासात कंबर म्हणाली, बास. मिंजू पहिल्याच पावलाला बसली चिखलात, कमरेपर्यंत. बायका हसून हसून वाकल्या. तीही हसली. मग उठली आणि लावणाऱ्यांतल्या आकाबाईच्या शेजारी उभी राहून तिचे हात बघत राहिली, मग तसंच लावू लागली. रोपं वाकडी, पण थांबली नाही. दुपारपर्यंत बायकांनी तिची मंजू करून टाकली. "मंजे, तरव्याच्या मुठी आण की हिकडं!" कुणी कौतुक करत नव्हतं, पाहुणी म्हणत नव्हतं, कामाला हाका मारत होत्या. तिला ते फार आवडलेलं दिसलं. ज्याचं खाचर त्याची न्याहारी, म्हणून अंबूबाईनं बांधावर आणली — नाचणीची भाकरी, सुकट, खर्डा. खर्डा बघून मी मिंजूला सांगणार होते, जपून. तोवर तिनं अर्धा संपवला आणि हात पुढं केला. "अजून आहे का?" अंबूबाईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "ही हिकडचीच हाय, वाट चुकून तिकडं जल्मली."

संध्याकाळी चुलीपुढं मिंजूनं सांगितलं. तिची आजीही अशाच डोंगरातली. तिकडंही हेच — पुमासी म्हणतात. आजी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात गेली. मग गावातली तरुण माणसं शहरात गेली, म्हातारी माणसं वारली. आजीचे कितीतरी दिवस लोकांकडं राहिले. परत करायला कुणी उरलंच नाही. शेवटी शेवटी आजी बोटं मोजत बसायची, अमक्याकडं सहा दिवस, तमक्याकडं नऊ. मिंजू लहान होती. तिला वाटायचं आजी आकडे शिकतेय.

आईला मी मराठीत सांगितलं, म्हणजे मिंजूचं मराठी आईच्या मराठीत. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नंतर माझी पाठ चोळायला बसली. गरम तेल. तेव्हाच हळू म्हणाली, "कर बाई सही. मला ह्येंच्याच हातचं खायाचं हाय." मी म्हटलं, करतेय की. म्हणाली, "व्हय. करच." आणि चोळत राहिली. मी उशीत तोंड घातलं. रागवायला काही ठेवलंच नव्हतं तिनं. खरं बोलली.

रविवार, १३ जुलै

आज वाडीतल्या आकारामतात्यांच्या खाचरात. कालचं अंग काल होतं, आज ते माझं नव्हतंच. वाकले की उठवेना, उठले की वाकवेना. मिंजूच्या हाताला फोड आले, ओढणीची चिंधी बांधून लावत होती. मी दोनदा म्हटलं, बस जरा, फोटो निघालेत आपले, पुरे. म्हणाली, "ताई, दिवस अर्धा कसा द्यायचा?" तिच्यापुढं मलाही बसता येईना. मनात तिला चार शिव्या घातल्या.

खालच्या अंगाला आमची खाचरं दिसत होती. चिखलणी झालेली, नुसतं पाणी भरून बसलेली. सगळ्या वाडीचं रान हिरवं आणि मधोमध आमचं तेवढं करडं. फणसाखालचं खाचर सगळ्यात लहान, घराला सगळ्यात जवळ. बाबा मला त्याच्या बांधावर बसवून चिखल करायचे. दादा तिकडंच बघत उभा होता. चेहरा सुकलेला. मला त्याची दया आली. मग वाटलं, माझी कुणाला येते? मग वाटलं, जाऊदे.

तीनला काम उरकलं. ओढ्यावर हातपाय धुताना अंबूबाईनं दादाला हाक मारली. "बाळू, तुझ्या घरचं चार दिस झालं बघ. दोगींचं दोन-दोन. मंगळवारी चौघीजनी येतो तुझ्याकडं." रीत तशीच आहे, दिवस घरावर धरतात. दादाचा चेहरा उजळला. व्हय व्हय म्हणाला. लावणीला हात मिळाले, आणि त्याच दिवशी माझी सहीही. एका दिवसात दोन्ही!

तेवढ्यात मिंजू मधे आली. अंबूबाईचं बोलणं तिला कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. म्हणाली, "घराचे नाहीत. माझे दिवस मी कोरियाला नेऊ शकत नाही. ते क्रांतीताईंना द्या. आणि ताईंचे ताईंचेच."

वहिनी हसली. "तिला कशाला? तिची लावन कुठं हाय, कोल्हापुरात गच्चीवर?" सगळ्या हसल्या. मीही हसले. हसण्याशिवाय काय करणार होते? पोर बिचारी, तिला काय माहीत घर म्हणजे कुणाचं ते. अंबूबाईनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली, मिंजूच्या हाताची चिंधी सोडून फोड बघितले आणि म्हणाली, "बरं." मग दगडीचा पाला चोळायला सांगितलं — की आणखी कसला, विसरले.

निघताना वहिनीनं दोघींची ओटी भरली. तांदूळ, नारळ. माझी ओटी दोन वर्षांनी! रडू आलं. तोंड भिजलेलंच होतं, कुणाला कळलं नाही. दादा फाट्यापर्यंत आला. "मंगळवारी अकराला गगनबावड्याला कचेरीत ये डायरेक्ट. आधार आन् दोन फोटो. लावण लावून देतो आन् मी खाली येतो." मग थोडा घुटमळून — "दिवाळीला ये गं." मी म्हटलं, येते.

आई उंबऱ्यातच होती. निघताना नुसता हात हलवला.

गाडीत मिंजू माझ्या खांद्यावर झोपली. मला झोप नाही.

सोमवार, १४ जुलै

जिना चढताना कठड्याला धरून चढले. ऑफिसात सगळे विचारतात, मजा केलीत म्हणे! प्राचार्यांना चिखलातला फोटो फार आवडला. वेबसाइटवर घालू म्हणाले. उद्याची रजा मागितली तेव्हा मात्र चेहरा पडला.

मिंजूनं अहवाल आणून दिला. छापील फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, या भेटीतून गावाला काय मिळालं? तिनं लिहिलंय, दोन दिवस. पुढं कंसात — माझ्याकडून. मी तिला म्हटलं, अगं, इथं जरा मोठं लिही, सांस्कृतिक देवाणघेवाण वगैरे. म्हणाली, "पण ते मी दिलं नाही." शेवटी मीच खाली दोन ओळी खरडल्या आणि शिक्का मारला. खोटं लिहायला तरी ताकद शिल्लक आहे.

तिला विचारलं, तुझी आजी आता कुठं असते? म्हणाली, दोन वर्षांपूर्वी गेली. शेत त्याआधीच विकलं. मामांनी तिला विचारलं नाही, ती दवाखान्यात होती. "आजी घरी आली तेव्हा तिला कुठं बसायचं ते समजेना." मराठी चुकलं असेल तिचं. नसेलही.

आधार, फोटो पर्समध्ये ठेवले. फोटोवाल्यानं सांगितलं, मॅडम, जरा हसा. म्हटलं, राहूदे, सरकारी कामाला आहे.

नवऱ्यानं चहा करून दिला. नवल! म्हणाले, उद्या सुटलीस तू. मी म्हटलं, हो. पण दिवसभर कानात एकच. आई पाठ चोळताना "करच" म्हणाली, तेव्हा तिचा हात थांबला होता. आज आठवलं. कदाचित थकला असेल हात. म्हातारीचा हात, थांबणारच.

काही उपयोग नाही असल्या विचारांचा. सहाची गाडी धरायचीय.

मंगळवार, १५ जुलै

साळवण. वडापची वाट बघत. कागद भिजतोय.

कळे मागं पडलं आणि दादाचा फोन आला. आवाज चढलेला. "अंबूबाई आन् तिघी आल्यात. बांधावर हुभ्यात नुसत्या, चिखलात उतरंनात. म्हणत्यात, आमच्याकडं बाळूचा एकबी दिस न्हाय. क्रांतीचं चार हायती. क्रांतीचं खाचर कुठलं ते दाखवा, तेवढं लावून जातो."

मी विचारलं, मग तू कुठलं सांगितलंस?

आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मी कशाला सांगू. आईच गेली खाचराकडं. काठी टेकत, चिखलातनं. फणसाखालचं दाखवून तितंच बसलीया बांधावर. उठ म्हटलं तर उठंना. लावाय लागल्यात त्या."

तिकीट गगनबावड्यापर्यंतचं, कचेरीसाठी काढलेलं होतं. साळवणलाच उतरले. हॉटेलात भजी-पाव बांधून घेतलाय, चौघींचा आणि आईचा. वडापवाला म्हणतो, अजून दोन माणसं भरूदेत. त्याला म्हटलं, त्यांचंही भाडं मी देते, चल तू. बायका माझ्या खाचरात उतरल्यात आणि न्याहारी अजून पोचलेली नाही.